मंडालेचा तुरुंग, सातूचं पीठ आणि लोकमान्यांचा मधुमेह

आर्वीच्या बाजारात कापूस विकून घरी निघालेला शेतकरी असो, की रोज एसटीने वर्ध्याला नोकरीला जाणारा बाबू, चाळिशी ओलांडली की खिशात लॅबचा एक रिपोर्ट येतोच. त्यात वर शुगर असते आणि खाली दोन अवघड नावं असतात, एसजीओटी आणि एसजीपीटी. शुगरचा आकडा सगळे बघतात. खालच्या दोन नावांपुढे वर जाणारा बाण असला, तरी फारसं कुणी लक्ष देत नाही. आपण दारूला हात लावत नाही, मग यकृताला काय होणार, असं म्हणून रिपोर्ट कपाटात जातो.

आपल्याकडे दोन समजुती फार घट्ट आहेत. शुगर ही बसून खाणाऱ्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाला होते ही पहिली, आणि यकृत बिघडतं ते फक्त दारूमुळे ही दुसरी.

पहिली समजूत मोडायला एकच नाव पुरेसं आहे. कसरतीने शरीर कमावलेला, शाळा, वर्तमानपत्र, कोर्ट आणि तुरुंग एकाच आयुष्यात पेललेला हा माणूस शेवटची बारा वर्षं तरी मधुमेह घेऊन जगला. हा माणूस म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

टिळकांचे खटले आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्यांच्या आजाराची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली की दुसरी समजूतही आपोआप मोडते.

एक वर्ष फक्त शरीरासाठी

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आलं आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ मध्ये बाळचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी वडीलही गेले. सोळाव्या वर्षी डोक्यावर छत्र राहिलं नाही.

डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृती अगदी तोळामासा. मग त्यांनी असं काही ठरवलं, जे आजच्या कुठल्याही पालकाला पटणार नाही. कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यासाला न देता शरीराला दिलं. तालीम, पोहणं, कुस्ती आणि भरपूर खाणं असा दिनक्रम होता. त्या वर्षी ते परीक्षेत मागे पडले, पण शरीर घडलं. पुढे १८७६ मध्ये बी.ए. आणि १८७९ मध्ये एल्‌एल.बी. झाले.

पुढचा प्रवास सगळ्यांना पाठ आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात राजद्रोहाचा पहिला खटला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी. त्या तुरुंगवासात त्यांचं वजन बरंच उतरलं. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधी सुटका झाली.

सुटून आले तरी उसंत नव्हती. १९०१ पासून ताई महाराज प्रकरणाचं शुक्लकाष्ठ मागे लागलं. मित्राच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून घेतलेली जबाबदारी फौजदारी खटल्यापर्यंत गेली. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं, पण मधली वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली होती.

जामीन अर्जातला आजार

१९०८ च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. त्यावर केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर महंमद अली जिना. आरोपीला मधुमेह आहे, हेही कारण त्यांनी पुढे केलं होतं. समोर न्यायमूर्ती होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे वकील होते आणि तेव्हा त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता. या वेळी त्यांनी जामीन नाकारला.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. ज्युरीतल्या सात जणांनी दोषी ठरवलं, दोघांनी निर्दोष. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, एका वर्षाच्या शिक्षेला एक दिवस या हिशोबाने.

अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे, टिळकांचे वऱ्हाडातले सगळ्यात जवळचे सहकारी, याच खटल्यापायी विलायतेला गेले. सरकारने काळं पाणी रद्द करून साधी कैद केली. कैद भोगायची होती ब्रह्मदेशात, मंडालेला.

आता जरा थांबून त्या काळात मधुमेहावर काय औषध होतं ते पाहू. इन्शुलिनचा शोध लागायला अजून १३ वर्षं होती. शुगर कमी करणाऱ्या गोळ्या नव्हत्या. घरबसल्या बोटाला टोचून शुगर बघायचं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लघवी रसायनात उकळायची, रंग बदलला की साखर आहे असं समजायचं. उपचार म्हणाल तर एकच होता, ताटातून काय काढायचं ते ठरवणं.

कैद्याचं पथ्य

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना लाकडी फळ्यांची आणि दांड्यांची, पिंजऱ्यासारखी खोली मिळाली होती. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात चारी बाजूंनी वारा. स्वयंपाकासाठी वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा सातारकडचा एक कैदी सोबतीला दिला होता. टिळकांच्या तिथल्या दिवसांबद्दल आज बरंच काही कळतं, ते या कुलकर्ण्यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींमुळे.

इथे मधुमेह बळावला. डॉक्टरांच्या सल्ल्याने भात आणि गहू बंद झाले. त्यांची जागा सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठाने घेतली. जोडीला दूध, दही, तूप. गोडाचा प्रश्नच नव्हता. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या माणसाने वरणभात सोडायचा, तोही परमुलखात आणि एकट्याने, हे सोपं नव्हतं. एखाद्या महिन्याचं पथ्य आपण सगळेच करतो. टिळकांना ते वर्षानुवर्षं करावं लागलं.

आणि याच ताटावर गीतारहस्य उभं राहिलं. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ एवढ्या काळात, पेन्सिलने, पानांवर आकडे घालून दिलेल्या वह्यांमध्ये त्यांनी तो ग्रंथ लिहिला. शाई वापरायला परवानगी नव्हती. शेकडो पुस्तकं मागवून वाचली, जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. ७ जून १९१२ रोजी पुण्यात पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ही बातमी मंडालेत तारेने पोचली. शेवटची भेट राहूनच गेली.

जून १९१४ मध्ये मध्यरात्री त्यांना पुण्याच्या घराच्या दारात आणून सोडलं. वय ५८ होत आलेलं आणि मधुमेह सोबत होताच.

पण हा कुठला मधुमेह?

आजचा डॉक्टर म्हणेल की हा टाईप टू असणार. टिळकांची रक्ततपासणी कुणाकडे नाही, पण हे साध्या हिशोबातून कळतं.

टाईप वन मधुमेहात स्वादुपिंड इन्शुलिन बनवणं जवळपास बंद करतं. इन्शुलिनच्या आधीच्या काळात असे रुग्ण, बहुतेक लहान मुलं, निदानानंतर फार तर वर्ष-दोन वर्षं काढत. टिळकांना आजार होता तो मध्यमवयात, आणि १९०८ नंतर ते इन्शुलिनशिवाय १२ वर्षं जगले. नुसते जगले नाहीत, ग्रंथ लिहिला, दौरे केले, विलायतेला जाऊन आले. म्हणजे शरीरात इन्शुलिन बनत होतं, पण ते पुरेसं काम करत नव्हतं. यालाच टाईप टू म्हणतात. हे दोन प्रकार वेगळे आहेत हे वैद्यकशास्त्राला नीट उमगलं ते १९३० च्या दशकात.

मग सातूच्या पिठाने फरक का पडत असावा? इथे गोष्टीत यकृत येतं.

टिळक जेमतेम वर्षाचे होते तेव्हा, १८५७ मध्ये, फ्रान्सच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने यकृतातून ग्लायकोजेन नावाचा पदार्थ वेगळा काढला होता. त्याआधीच त्याने दाखवलं होतं की यकृत स्वतः साखर बनवून रक्तात सोडतं. सोप्या भाषेत सांगायचं तर यकृत हे शरीराचं साखरेचं कोठार आहे. जेवण झालं की जास्तीची साखर तिथे साठते, आणि रात्री आपण झोपलेलो असताना कोठारातून ती थोडी थोडी रक्तात येते. कोठाराचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे सांगणारा मुकादम म्हणजे इन्शुलिन.

टाईप टूमध्ये यकृत या मुकादमाचं ऐकेनासं होतं. साखर आधीच भरपूर असताना दार उघडंच राहतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची शुगर जास्त येते. त्यात वरून भात, साखर, मैदा येतच राहिला, तर जागा नसलेली साखर चरबी बनून यकृतातच साचते. हेच फॅटी लिव्हर. दारूचा थेंब न घेताही होतं ते असं.

सातूसारखं धान्य हळू पचतं आणि त्यातला तंतुमय भाग साखर रक्तात एकदम येऊ देत नाही. भात, गहू आणि गोड काढलं की कोठारावरचा भार हलका होतो. मंडालेतल्या डॉक्टरांना यकृतातल्या चरबीबद्दल काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी ताटातून जे काढलं ते बरोबर होतं.

नदीच्या दोन्ही काठांवर होमरूल

सुटून आल्यावर कुणीही म्हणालं असतं की आता घरी बसा, नातवंडं सांभाळा. टिळकांनी १९१५ मध्ये गीतारहस्य छापलं आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली. ॲनी बेझंट यांच्या लीगशी कामाची वाटणी झाली, तेव्हा मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख टिळकांच्या लीगकडे आला.

म्हणजे वर्धा नदीचे दोन्ही काठ त्यात आले. अलीकडे आर्वी तालुका मध्य प्रांतात, पलीकडे कौंडण्यपूर वऱ्हाडात, आणि आंदोलन एकच. पुलगाव ते आर्वी ही नॅरोगेज गाडी १९१७ मध्ये सुरू झाली, तो काळ बरोबर हाच. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात टिळकांचे दौरे झाले ते अशाच गाड्यांतून आणि दमण्यांतून. कल्पना करा, मधुमेह असलेला साठीतला माणूस. गावागावात मुक्काम, सभा, स्वागताचे पेढे आणि पंगती. दौऱ्यावरच्या पुढाऱ्याला पथ्य पाळणं तुरुंगातल्या कैद्यापेक्षाही अवघड. ज्यांनी लग्नसराईत शुगर सांभाळली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौ करार झाला. १९१८ मध्ये ते व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकाराविरुद्धच्या खटल्यासाठी इंग्लंडला गेले. १९१९ च्या सुरुवातीला खटला हरले आणि मोठा खर्च अंगावर आला. तरी विलायतेत राहून भारताची बाजू मांडत राहिले आणि वर्षाच्या शेवटी परतले.

सरदारगृहातली शेवटची रात्र

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईत सरदारगृहात उतरले होते, बारा वर्षांपूर्वी अटक झाली तेव्हा उतरले होते तिथेच. तिथे ताप आला. ताप वाढत गेला आणि न्यूमोनिया झाला. मुंबईतले नामांकित डॉक्टर खोलीत होते, खाली रस्त्यावर माणसांचा समुद्र होता. ३१ जुलैच्या रात्री बारा वाजून गेले आणि १ ऑगस्ट उजाडायच्या आत टिळक गेले. वय ६४. चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते.

मधुमेहाने त्यांना मारलं असं म्हणता येणार नाही. पण ज्याच्या रक्तात साखर सतत जास्त असते, त्याचं शरीर संसर्गाशी झुंजताना लवकर थकतं, हे आज सर्वमान्य आहे. न्यूमोनियावर तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. आणि जेमतेम एका वर्षाने, १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिन हाती लागलं. जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचलंही.

टिळकांकडे नव्हतं, आपल्याकडे आहे

यकृत आतून कुरकुरतंय का, हे सांगणारी रक्ततपासणी यायला आणखी तीन दशकं गेली. १९५४-५५ मध्ये अमेरिकेत कार्मेन, रोब्लेव्हस्की आणि लाड्यू या डॉक्टरांनी दाखवलं की हृदयाच्या किंवा यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात सांडतात. त्यातली दोन म्हणजे आपल्या रिपोर्टवरची एसजीओटी आणि एसजीपीटी. आता त्यांना एएसटी आणि एएलटी असंही म्हणतात. गोदामाचं पोतं फाटलं की धान्य बाहेर दिसतं, तसाच हा प्रकार. एसजीपीटी मुख्यतः यकृताची खबर देतं. एसजीओटी स्नायू आणि हृदयातही असतं, त्यामुळे ते एकटं वाढलं तर कारण दुसरंही असू शकतं.

बऱ्याच लॅब ४० च्या आसपासचा आकडा वरची मर्यादा धरतात. टाईप टू असलेल्यांमध्ये हा आकडा थोडासा वर असणं नेहमीचं आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे फॅटी लिव्हर असतं. पण कारण तेच आहे असं घरी ठरवू नये. कावीळ बी आणि सी, दारू, काही औषधं, आणि कुणीतरी दिलेल्या शुगरच्या पुड्या, यांनीही आकडा वाढतो.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. आकडा नॉर्मल आला म्हणजे यकृत ठणठणीत, असं नसतं. चरबी साचूनही, अगदी यकृत कडक व्हायला लागूनही, एन्झाइम्स मर्यादेत राहू शकतात. म्हणून डॉक्टर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स हे चार आकडे एकत्र मांडून फिब-फोर नावाचा हिशोब करतात आणि गरज वाटली तर पुढची तपासणी सांगतात. चारही आकडे साध्या रक्ततपासणीतून आणि आधार कार्डावरून मिळतात.

आणि सडपातळ माणसाचं काय? याचं उत्तर टिळकांच्याच पुण्यातून आलं. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. ही चरबी पोटात आणि यकृतात जाऊन बसते. म्हणून मी तर हडकुळा आहे, मला कशाला होईल, हा हिशोब आपल्याकडे चालत नाही.

वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवल्याने यकृतातली चरबी आणि सूज लक्षणीय कमी होते. सत्तर किलोच्या माणसाला हे पाच ते सात किलो. रोजचं चालणं, गोड आणि कोल्ड्रिंक बंद, भाताच्या ढिगाऐवजी ज्वारीची भाकर आणि डाळ-भाजी जास्त, दारू नाही. एन्झाइम्स वाढली म्हणून शुगरची गोळी आपल्या मनाने सोडायची मात्र नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. आर्वीकरांसाठी सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी रुग्णालयं जिल्ह्यातच आहेत.

टिळकांकडे ना गोळी होती, ना इन्शुलिन, ना यकृताची खबर देणारा कागद. होतं ते सातूचं पीठ आणि ठरवलं ते पाळायची सवय. तेवढ्यावर त्यांनी बारा वर्षं काढली आणि त्यात एका आयुष्याचं काम केलं. आपल्याकडे तो कागद आहे. कपाटातून काढा, शुगरच्या खालच्या दोन ओळी वाचा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.